मिश्री म्हणजे तंबाखू न्हवं

दुपारच्या चहाच्या वेळी वरच्या कप्प्यातल्या अळ्या ओकायला लागल्या. आधी त्यांनी माना वर केल्या. मग त्या माना इकडून तिकडं हलायला लागल्या, कोणी नको ते वाढायला आल्यावर आपण हलवतो तशा. मग तोंडातून हिरवट पाणी आलं. बोटाएवढ्या लांब, पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या आखडून निम्म्या झाल्या आणि फांद्यांवरून खाली पडायला लागल्या. काही मधल्या कप्प्यात पडल्या, काही माझ्या पायांवर.

तेवढ्यात सून शेडच्या दारात आली. कोल्हापूरला जाऊन ती नेत्रिकांचा भारा घेऊन आली होती. नेत्रिका म्हणजे प्लास्टिकच्या जाळ्या, पिकलेल्या अळ्या त्यांत चढून कोष विणतात. चढायला चार दिवस राहिले होते. तिनं रॅककडं बघितलं आणि भारा हातातून तिथंच सोडला. मला तिनं काहीही विचारलं नव्हतं. तरी मी म्हणाले, “मी काय केलं न्हाय.”

आमचं गाव मुरगूडपासून जवळ. शिवारात बघावं तिकडं ऊस, आमचाही ऊसच होता. त्यातला अर्धा एकर मोडून तुती लावायची आणि रेशमाच्या अळ्या पाळायच्या, हे सुनेचं डोकं. ती प्रशिक्षण घेऊन आली, वही भरून आली. मी म्हणाले, “अळ्या मारायच्या असत्यात. पाळतंय कोण?” ती म्हणाली, “आत्या, लग्नात शालू नेसलासा न्हवं? त्यो काय झाडाला लागलता?” माझ्या लग्नात शालू नव्हताच, सुती पातळ होतं. पण ते तिला सांगून माझीच किंमत कमी झाली असती, म्हणून गप्प बसले.

मुलगा तिला म्हणाला, एक वर्ष देतो. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा ऊस. पहिल्या खेपेला मुंग्या लागल्या. दुसऱ्या खेपेला कोष आले, पण बारके आले. ही तिसरी खेप, आणि वर्ष संपत आलेलं. ही नाही साधली तर तुती उपटणार, असं तो जेवताना दोनदा म्हणाला होता. सुनेनं दोन्ही वेळा ताटातून मान वर केली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं. चूल माझी, म्हशी माझ्या, शेत मुलाचं. तुती तेवढी तिची.

या अळीचं सगळंच विचित्र. तुतीच्या पाल्याशिवाय ती कशालाही तोंड लावत नाही. दुसरा कुठलाही हिरवा पाला पुढ्यात टाका, ती उपाशी मरेल पण खाणार नाही. तुती मात्र दिवसरात्र खाते. शेडमध्ये उभं राहिलं की कुणीतरी कोरे कागद सावकाश फाडत बसल्यासारखा आवाज येतो. चार वेळा ती कात टाकते आणि त्याआधी मान वर करून दिवसभर न खाता गप्प बसते. तिला रानही नाही. माणसांनी इतक्या पिढ्या तिला घरात पाळली आहे की झाडावर सोडली तर तिला धड धरून राहता येत नाही. तिला वारा नको, ऊन नको, ओल नको, कसला वास नको. सून म्हणायची, लेकरासारखं जपावं लागतं. मी माझी लेकरं इतकी जपली नव्हती. ती मातीत पडून मोठी झाली.

शेडच्या दारावर सुनेनं पाटी लावली होती. ‘हात-पाय धुऊन आत यावे. चपला बाहेर काढाव्यात. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट सक्त मनाई.’ मी चौथीपर्यंत शिकले. त्यामुळं पाटी मला वाचता येते, आणि वाचता येते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी ती मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यांना वाचता येत असलं तरी. सुनेनं मला दारात एक खुर्ची दिली आणि राखणीचं काम दिलं. खरं म्हणजे मी मध्ये मध्ये करू नये म्हणून दिलं असणार. पण मला ते मानाचं पद वाटलं.

शेजारचा ऊस ज्यांचा, ते आमच्या भावकीतले दीर. ते बांध ओलांडून अळ्या बघायला यायचे.

“भावजी, तोंडात काय हाय?” मी विचारायची.

“चिमूटभर हाय वैनी. आत थुकत न्हाय की.”

“थुकायचं न्हाय, वासानं मरत्यात त्या. जावा, चूळ भरून या.”

“आयला, अळीचं एवढं कवतिक! आमच्या दादानं जलमभर तंबाखू खाल्ला, त्यास्नी कधी चूळ भराय लावली न्हाईसा.”

“त्यांनी रेशीम दिलं असतं तर लावली असती.”

ते हसत हसत हौदावर जायचे, चूळ भरायचे, हात धुवायचे. पुढं पुढं तर ते तंबाखूची पुडी बांधावरच्या दगडाखाली ठेवूनच यायला लागले. माझा दरारा वाढला. गावात सांगायचे लोक, त्या शेडवर म्हातारी बसलीय, तोंड हुंगून आत सोडती.

आणि हे सगळं बोलत असताना माझ्या स्वतःच्या तोंडात मिश्री असायची.

मिश्री लावत नाही अशी माझ्या वयाची बाई आमच्याकडं शोधावी लागेल. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, बोटावर घेऊन दातांना घासायचा. सकाळी उठल्यावर, चहा झाल्यावर, दुपारी भांडी झाल्यावर, आणि कुणी बोलायला बसलं तर बोलता बोलता. बाई तंबाखू खाते असं कुणी म्हटलं तर भांडण होईल. तंबाखू पुरुष खातात. बाई दात घासते. पाटीवर पुरुषांच्या सगळ्या वाईट सवयी लिहिल्या होत्या आणि त्या वाचताना मला फार बरं वाटायचं. मिश्री तिथं लिहिलेली नव्हती.

खेप सुरू व्हायच्या आधी सून मला म्हणाली होती, “आत्या, तेवढं तंबाखूचं बघायला पायजे बरं का.” मी म्हणाले, “माझ्याकडं लागलं. एक माणूस आत सोडत न्हाय.” त्याच सुमाराला माझी मिश्रीची डबी म्हशीच्या पायाखाली येऊन चेपली. नवी डबी घ्यायचा कंटाळा म्हणून मी मिश्री कागदाच्या पुडीत बांधून पदराच्या गाठीत ठेवायला लागले. कोनाड्यात डबी दिसेना, तेव्हा सुनेला वाटलं मी मिश्री सोडली. एकदा भाकरी करता करता ती मला म्हणाली, “आत्या, मानलं तुम्हाला. या वयात सोपं न्हाय.” मला वाटलं, दारात दिवसभर बसून राहण्याबद्दल म्हणते आहे. मी म्हणाले, “त्यात काय एवढं? मनावर घेतलं की हुतंय.”

तर ती कोल्हापूरला गेली तो दिवस. अळ्यांची चौथी कात टाकून झाली होती, आता त्या हावऱ्यासारख्या खात होत्या. तोवर पाला घालायचं काम सून एकटी करायची. त्या दिवशी प्रथमच माझ्यावर सोपवलं. खालच्या कप्प्यासाठी वाकावं लागतं आणि माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो तिनं जाताना स्वतः भरला. वरचा आणि मधला मला सांगितला. “पाला तेवढा स्वच्छ बघून घाला,” म्हणाली. “धूळ बसलेला नको.”

उसाचे ट्रॅक्टर जातात त्या वाटेला लागून आमची तुती. धूळ असणारच. दुसऱ्या कुणी फांद्या झटकून घातल्या असत्या. पण मला काम दाखवायचं होतं. मी चहा घेतला, मिश्री लावली, बोट पदराला पुसलं आणि फांद्या पुढ्यात घेऊन बसले. एकेक पान पदरानं पुसलं, वरून आणि खालून. घरातली तांब्याची भांडीसुद्धा मी इतकी पुसली नाहीत. वरचा कप्पा असा अख्खा पुसून घातला. मधला शेडच्या मधल्या खांबापर्यंत पुसून घातला. मग कंबर धरली. म्हटलं, कोण बघतंय, आणि खांबापलीकडं पाला तसाच टाकला. मग पुन्हा मिश्री लावली, कारण काम झालं होतं.

काही वेळानं कागद फाडल्याचा आवाज कमी झाला. मी उठून बघितलं तर वरच्या कप्प्यात सगळ्या माना वर. मला वाटलं, कात टाकायला बसल्या. कात चारच वेळा टाकतात आणि चारही झाल्या आहेत हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं गैरसोयीचं असलं की मला आठवत नाही. मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मग त्या ओकायला लागल्या.

सून आली, तिनं भारा टाकला. मी म्हणाले मी काय केलं न्हाय, ते वर सांगितलंच. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. खिडक्या उघडल्या, वरच्या फांद्या ओढून बाहेर काढल्या, तुतीतून ताजा पाला आणला आणि जरा तरी हलतायत अशा अळ्या वेचून त्यावर ठेवायला लागली. तिचे हात चालत होते. तोंडानं एक शब्द नाही. माझं उलट होतं. माझे हात रिकामे होते आणि तोंड थांबत नव्हतं.

“औषधाचा वास येतोय,” मी म्हणाले. वास येत नव्हता. “शेजारच्यानं उसावर औषध मारलंय बघ. वाऱ्यानं आलं.” दोनदा बोलल्यावर मला तो वास यायलाही लागला. मी तरातरा बांधावर गेले. भावजी उसाच्या पाटात उभे होते.

“भावजी, सकाळी औषध मारलंसा न्हवं का?”

“न्हाय वो वैनी. पंप बिघडून पडलाय गेला महिनाभर.”

“मग दुसऱ्याचा आणला असंल. माझ्या सुनेच्या अळ्या मारल्यासा तुम्ही! सगळ्या ओकून मरायल्यात. बघवत न्हाई तुम्हास्नी कुणाचं बरं झालेलं!”

माझा आवाज मोठा आहे. आजूबाजूच्या रानातली माणसं काम टाकून बांधावर आली. भावजींनी एखादी शिवी दिली असती तर मला बरं झालं असतं, मी चार दिल्या असत्या. ते नुसते म्हणाले, “मी न्हाय मारलं वैनी,” आणि पाटाचं पाणी वळवायला खाली बसले. मी जिंकल्यासारखी परत आले.

माझा आरडाओरडा ऐकून मुलगाही आला होता. त्यानं शेडमध्ये डोकावून बघितलं, मेलेल्या अळ्यांनी भरलेली टोपली बघितली आणि दारात उभा राहून म्हणाला, “चारी बाजूला ऊस हाय. ऊस म्हटला की औषध आलंच, आज न्हाय मारलं तर उद्या मारंल. कुणाकुणाशी भांडायचं? ही खेप निघाली की तुती काढूया.” रागानं नाही म्हणाला. शांतपणे म्हणाला, म्हणजे ठरलं होतं. सून खाली बसून अळ्या वेचत होती. वर्षापूर्वी मीच म्हणाले होते की हे जमायचं नाही. आता माझं खरं झालं होतं आणि मला ते अजिबात नको होतं.

मुलगा वैरणीकडं गेला. जरा वेळानं सुनेनं हाक मारली.

“आत्या, इकडं या.”

ती मधल्या कप्प्यापाशी उभी होती. दारापासून खांबापर्यंत सगळ्या मेलेल्या, नाहीतर मरायला टेकलेल्या. खांबापलीकडं सगळ्या खात होत्या. मध्ये रेघ मारल्यासारखं.

“वाऱ्यानं औषध आलं,” ती म्हणाली, “आणि खांबापाशी थांबलं?”

मी खांब न्याहाळायला लागले.

“हितनं पुढं काय येगळं केलंसा?”

“काय न्हाय. कंटाळा आला. पुसला न्हाय पाला.”

“म्हंजी अलीकडचा पुसला? कशानं?”

मी पदर दाखवला. तिनं तो हातात घेतला, नाकाला लावला आणि डोळे मिटले. मग गाठ सोडली. कागद फाटलेला होता आणि काळी पूड गाठीतून सगळ्या पदरात उतरली होती.

“आत्या, ह्ये काय?”

“मिश्री.”

“तुम्ही सोडलीसा न्हवं?”

“कवा?”

“तंबाखू आजाबात नको म्हटलंतं मी.”

“मग ही कुठं तंबाखू हाय? ही मिश्री हाय की.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अजून पुढं काही बोलते का याची ती वाट बघत असावी. मग अगदी हळू म्हणाली, “मिश्री कशाची करत्यात आत्या?”

पन्नासाहून जास्त वर्षं मी तंबाखू विकत आणत होते, तंबाखू भाजत होते आणि मिश्री लावत होते. दोन्हींच्या मध्ये फक्त तवा होता. तेवढ्या तव्याच्या जोरावर मी साऱ्या गावाच्या चुळा भरवून घेत होते.

सून ओरडली नाही. तिनं पदराची ती बाजू पिळून धरली, म्हणजे आणखी सांडू नये, आणि म्हणाली, “ह्यांस्नी मी न्हाय सांगणार. तुमचं तुम्ही सांगा. न्हाय सांगितलंसा तर तुती जाती, एवढं ध्यानात ठेवा.”

मी लगेच गेले असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. गेले नाही. आधी लुगडं बदललं. मग दोन म्हशींच्या धारा काढल्या आणि दोन्ही धारांना एकच विचार केला, की न सांगता भागेल का. औषधाचं सगळ्यांना पटलं होतं. भावजी भांडणारे नव्हते. माझी अब्रू बांधावर चारचौघांत शाबूत होती. विरुद्ध बाजूला तुती होती, माझी नव्हे, सुनेची. दुसऱ्या म्हशीची धार संपली तेव्हा मुलगा वैरण घेऊन गोठ्यात आला.

“अळ्या औषधानं मेल्या न्हाईत,” मी म्हणाले. “माझ्या मिश्रीनं मेल्या. पदरानं पाला पुसला.”

तो भारा डोक्यावर तसाच ठेवून उभा राहिला. “आई, पाटी तूच वाचत हुतीस की.”

“पाटीवर मिश्री लिवली न्हवती.”

“म्हंजी शेजारच्या उसाचा काय संबंध न्हाय?”

“न्हाय.”

“आणि तुतीचाबी न्हाय?”

“न्हाय म्हटलं की! माझा हाय. किती येळा वदवून घेतोस?”

त्यानं भारा टाकला. हसू दाबतोय की राग, मला कळेना. “मग आणखी एक वरीस बघूया,” तो म्हणाला. “पर काकास्नी तू सांगायचं.”

भावजी बांधापलीकडं होते, बरेच लांब. आरोप ओरडून केला होता, त्यामुळं कबुलीही ओरडूनच द्यावी लागली.

“भावजी, औषध न्हवतं! मिश्री हुती!”

“आँ?”

“मिश्री! माझी!”

“काय माझी?”

“मिश्री वो! अळ्या मी मारल्या! मी!”

वारा उलटा होता म्हणून तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्या वेळेला ओढ्यापलीकडच्या बायकासुद्धा खुरपणं थांबवून उभ्या राहिल्या. मग भावजींचा आवाज आला, “मग वैनी, चूळ भरलीसा का?”

भरली. ती खेप संपेपर्यंत मिश्रीला हात लावला नाही. त्या दिवसांत माझं पोट साफ झालं नाही आणि मी घरातल्या प्रत्येकाशी भांडले, म्हशींशीसुद्धा. कायमची सोडली असं काही मी म्हणणार नाही. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत लावते, शेडच्या उलट्या दिशेला बसून, आणि मग आंघोळ केल्याशिवाय सून मला तुतीत पाय टाकू देत नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं पाटी पुसून नवी लिहिली. मिश्री सगळ्यांत वर आहे, तंबाखूच्याही आधी. ती आता भावजी मोठ्यानं वाचतात, मी दिसले की.

उरलेल्या अळ्या नेत्रिकांवर चढल्या. तीन दिवस त्या आपल्याभोवती मान फिरवत राहिल्या आणि एकेक करून आत दिसेनाशा झाल्या. कोष घट्ट आले, पहिल्या दोन खेपांपेक्षा मोठे. ते पोत्यांत भरताना सुनेनं दहा-बारा बाजूला काढले. एरवी कोष उकळत्या पाण्यात जातात आणि आतला जीव आतच संपतो, त्यामुळं पतंग काही कुणी बघत नाही. ती म्हणाली, “एकदा बघा तरी, कशापायी एवढं चाललंय.”

दहा दिवसांनी सकाळी सकाळी पतंग बाहेर आले. पांढरे, केसाळ, पोट सुटलेले. पंख आहेत पण उडता येत नाही, नुसते फडफडवत जागच्या जागी फिरतात. मी त्यांच्यापुढं तुतीचं कोवळं पान ठेवलं. एकानंही बघितलं नाही.

“खाईत का न्हाईत?” मी विचारलं.

“पतंग झाल्यावर त्येंला खाता येत न्हाय, आत्या. तोंड नावाला असतंय. जुळायचं, अंडी घालायची, की झालं. चार-आठ दिवस.”

“म्हंजी सगळं खाणं अळी असतानाच?”

“व्हय. तुतीवरच सगळं.”

मी बघत बसले. त्यांच्यातल्या माद्यांनी कागदावर गव्हाच्या रव्यासारखी बारीक पिवळी अंडी घातली आणि आठवडाभरात सगळे पतंग मरून गेले. मला वाईट वाटलं असं नाही. त्यांचं ते तसंच असतं.

त्या खेपेत वरच्या कप्प्यातली एकही अळी जगली नाही. मधल्या कप्प्यातल्या खांबापलीकडच्या जगल्या, खालच्या कप्प्यातल्या सगळ्या जगल्या. आणि मी जगले.